जुलैत आरव्ही ट्रिप आणि बुकिंग एकही नाही, तर मुक्कामाची जागा कशी मिळवायची

तुमचा प्रश्न असा की आई-बाबा भारतातून आलेत, जुलैच्या मध्यावर लास वेगासहून २५ फुटी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्यानं घेतलीय, झायन, ब्राइस, कॅपिटॉल रीफ, मोआब, पेज आणि ग्रँड कॅन्यन साउथ रिम असा युटा-ॲरिझोनातला बारा रात्रींचा लूप आखलाय, आणि आता रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग साइटवर बघताय तर पार्कांतली सगळी कॅम्पग्राउंड्स फुल. ट्रिप रद्द करायची का, की नुसतं निघायचं आणि मिळेल तिथं राहायचं?

रद्द अजिबात करू नका. पण "मिळेल तिथं राहू" म्हणून संध्याकाळी सहाला शोधायला लागलात तर मात्र हाल होतील, आणि ते हाल आई-बाबांचे होतील. आम्ही कितीतरी वर्षं याच भागात आरव्हीनं फिरतोय, बहुतेक वेळा बुकिंग न करता, आणि घरची वयस्कर मंडळी घेऊनसुद्धा. त्यावरून एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते, जागा शोधणं हे सकाळचं काम आहे. सकाळी उठलं, चहा झाला की गाडी आधी पुढच्या मुक्कामाकडे न्यायची, जागा धरायची, आणि मग बघायचं ते बघायचं. जुलैत तिकडे दुपारी बारा ते चार उन्हात फिरणं शक्यच नसतं, आई-बाबांना तर नाहीच, त्यामुळे ती वेळ सावलीत जेवण आणि झोप, आणि पार्क बघायचं ते भल्या पहाटे किंवा चारनंतर. हा दिनक्रम एकदा लावलात की निम्मा प्रश्न सुटला.

सकाळच का, तर कॅम्पग्राउंडची चेकआउटची वेळ साधारण अकरा-बाराची असते, लोक नऊ-दहापासून आवरायला लागतात. फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह्ड म्हणजे बुकिंग नसलेली कॅम्पग्राउंड्स दहा ते बारा या वेळात रिकामी होतात, दोन वाजेपर्यंत परत भरतात. वारही बघा. रविवारी दुपारी सगळं रिकामं होतं, सोमवार ते बुधवार आरामात मिळतं, गुरुवारी दुपारपासून वीकेंडवाले यायला लागतात, शुक्रवारी संध्याकाळी विसरा. आणि तुमच्या तारखांत एक गोष्ट आहे जी बाहेरच्या लोकांना माहीतच नसते, २४ जुलैला युटामध्ये पायोनियर डे असतो, राज्याची मोठी सुट्टी, आणि त्या वीकेंडला सॉल्ट लेककडची मंडळी तंबू, ट्रेलर, पोरंबाळं घेऊन डोंगरातल्या कॅम्पग्राउंड्समध्ये येतात. ४ जुलै सगळ्यांच्या लक्षात असतो, हा राहून जातो.

म्हणून माझा सल्ला असा की बारा रात्रींपैकी ज्या शुक्रवार-शनिवार येतात तेवढ्या आणि २४ च्या आसपासची रात्र आजच प्रायव्हेट आरव्ही पार्कमध्ये फुल हूकअपसकट बुक करून टाका, वीज, पाणी, ड्रेन सगळं एका जागी. बाकीच्या रात्री मोकळ्या ठेवा. असं केलं की आपोआप अधूनमधून टाक्या रिकाम्या होतात, सगळ्यांच्या नीट अंघोळी होतात, एसी रात्रभर चालतो, आणि मधले दिवस रानात राहायला मन तयार असतं. बुकिंगशिवाय फिरणं म्हणजे एकही बुकिंग नाही असं कुठं लिहिलेलं नाहीये.

आता जागा कुठं शोधायची. लोक पार्कचं नाव टाकून शोधतात, फुल दिसलं की खचतात. तुम्ही पार्क सोडा, जमीन कोणाची ते बघा. युटात साठ टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारची आहे, आणि नॅशनल पार्क हा त्यातला छोटा तुकडा. पार्कची हद्द संपली की बऱ्याच ठिकाणी नॅशनल फॉरेस्ट किंवा बीएलएमची म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची जमीन लागते, तिथं साधी कॅम्पग्राउंड्स असतात आणि त्यापलीकडे डिस्पर्स्ड कॅम्पिंग, म्हणजे नळ नाही, संडास नाही, जागेला नंबर नाही, पैसेही नाहीत, नुसती जागा. साधारण चौदा दिवसांची मर्यादा असते, तुम्हाला तर एक-दोन रात्रीच हव्यात. द डर्ट, कॅम्पेंडियम, आयओव्हरलँडर यातलं एखादं ॲप घ्या, पण शेवटच्या दोन-चार महिन्यांतले रिव्ह्यू वाचा, आणि आरव्ही घेऊन गेलेल्या माणसाचाच रिव्ह्यू धरा, जीपवाल्याचा "रस्ता मस्त आहे" आपल्या कामाचा नाही. मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा, ब्राइसवरून कॅपिटॉल रीफकडे जाणाऱ्या हायवे १२ वर मैलोनमैल रेंज नसते.

फर्स्ट कम कॅम्पग्राउंडमध्ये पहिल्यांदा जाताना गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगते. आत शिरल्यावर मोठी गाडी घेऊन लगेच लूपमध्ये, म्हणजे साइट्सच्या मधून फिरणाऱ्या गोल रस्त्यात, घुसू नका, काही लूप अरुंद असतात आणि वळवायला जागा नसते. गाडी दारापाशी किंवा दिवसापुरत्या येणाऱ्यांच्या पार्किंगला लावा आणि दोघांनी पायी फेरी मारा. प्रत्येक साइटच्या तोंडाशी एक लाकडी खांब असतो, त्याला क्लिपमध्ये कागदाचा तुकडा अडकवलेला, त्यावर गाडीचा नंबर आणि निघायची तारीख लिहिलेली. खांब रिकामा म्हणजे साइट मोकळी. तारीख आजची असेल आणि माणसं खुर्च्या घडी करताना दिसली तर सरळ जाऊन विचारा, "निघताय का?" कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट अर्ध्या तासात निघतो, तुमची खुर्ची इथं ठेवा असंच सांगतात. साइट मिळाली की एकानं तिथं थांबायचं, दुसऱ्यानं दारापाशी जाऊन लोखंडी पेटीजवळची एन्व्हलप घ्यायची, त्यावर साइट नंबर, तारीख, गाडीचा नंबर लिहायचा, पैसे आत, कडेचा तुकडा फाडून घ्यायचा, एन्व्हलप पेटीत आणि तुकडा खांबाला. हे साधारण अर्ध्या तासात करायचं असतं. पेटी सुटे परत देत नाही, त्यामुळे एक, पाच, दहा, वीसच्या नोटा वेगळ्या ठेवा. काही ठिकाणी आता क्यूआर कोड असतो, रिक्रिएशन डॉट गव्हचं ॲप आधी उतरवून लॉगिन केलेलं असेल तर रेंज नसतानाही तो चालतो, पण हे घरूनच करून निघा. आणि पैसे भरले, खांबाला तुकडा लावला म्हणून रात्री दुसरीकडे राहून चालत नाही, पहिल्या रात्री तिथं असावं लागतं.

दाराजवळच्या साइटवर बऱ्याचदा कॅम्प होस्ट असतात. साधारण निवृत्त जोडपं, स्वतःच्या आरव्हीत सीझनभर राहणारं. त्यांच्याशी दोन मिनिटं बोला. उद्या कोण निघणार, कोणती साइट २५ फुटांना पुरते, कुठे सपाट आहे, दुपारनंतर सावली कुठे पडते हे त्यांना तोंडपाठ असतं. इथं फुल असेल तर शेजारचं कुठलं रिकामं आहे हेही तेच सांगतात, आणि हे कुठल्याच ॲपवर मिळत नाही.

साइटची लांबी नक्की विचारा. २५ फूट गाडी हे तुमचं नशीब चांगलं, ३० घेतली असती तर सरकारी कॅम्पग्राउंडमधल्या बऱ्याच साइट्स बाद झाल्या असत्या.

आता उंची. हा माझ्या मते तुमच्या ट्रिपमधला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तुमच्या प्लॅनमध्ये तो दिसत नाही. जुलैत झायन, मोआब, पेज इथं दुपारी शंभर फॅरनहाइटच्या आसपास किंवा वर जातं. रानात उभ्या गाडीचा एसी फक्त जनरेटरवर चालतो, जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल खातो आणि टाकी पाव उरली की आपोआप बंद पडतो, शिवाय कॅम्पग्राउंड्समध्ये रात्री दहा ते सकाळी सहा तो लावायला बंदी, आणि काही भाडेकंपन्या तासाचे वेगळे पैसे घेतात. म्हणजे खाली उष्ण भागात राहणार असाल त्या रात्री हूकअप हवंच, आणि बिनहूकअपच्या रात्री सात हजार फुटांच्या वर. एवढं एक सूत्र धरलं तरी तुमचा लूप आपोआप लागतो. बघा कसा.

झायनला राहायचा हट्ट सोडा. कॅन्यनच्या आसपासची बीएलएमची मोकळी जागा साडेतीन हजार फुटांच्या आसपास आहे, जुलैत भट्टी. पहिली रात्र झायनच्या अलीकडे हरिकेन नाहीतर ला व्हर्किन या गावांच्या बाजूला हूकअपवाल्या पार्कमध्ये काढा, पहाटे सहाला झायन गाठा, कारण आरव्हीचं पार्किंग फार लवकर भरतं, शटलनं फिरा, आणि दुपारी बाहेर पडा. एक लक्षात ठेवा, झायनमधून माउंट कार्मेल बोगद्यातून पलीकडे जायचा जवळचा रस्ता तुमच्या उपयोगाचा नाही. ११ फूट ४ इंचाहून उंच गाड्यांना पूर्वी परमिट काढून ट्रॅफिक थांबवून सोडायचे, २०२६ च्या उन्हाळ्यापासून मोठ्या गाड्यांना तो बंद केलाय, आणि भाड्याची क्लास सी, म्हणजे तुमच्यासारखी मध्यम आकाराची आरव्ही, बहुतेक बारा फुटांच्या आसपास उंच असते. तुम्ही आय-१५ महामार्गानं उत्तरेला जा, हायवे २० घ्या, मग हायवे ८९ वरून खाली हायवे १२ ला. लांब पडतो, पण चढ सौम्य आहे. सीडर सिटीहून हायवे १४ पण आहे, बराच उभा चढ, पण वर डक क्रीकला साडेआठ हजार फुटांच्या आसपास फॉरेस्ट सर्व्हिसचं कॅम्पग्राउंड आहे, झायनच्या उकाड्यातून वर गेल्यावर आई-बाबांना जीव आल्यासारखं होईल. गाडी हातात बसली असेल तर तो घ्या, पहिल्या दुसऱ्या दिवशी नको.

ब्राइसला पार्कात नाही मिळालं तर काही बिघडत नाही. हायवे १२ वर पार्कच्या फाट्याअलीकडे डिक्सी नॅशनल फॉरेस्ट आहे, रेड कॅन्यन आणि किंग क्रीक ही कॅम्पग्राउंड्स तिथलीच, आणि टॉम्स बेस्ट स्प्रिंग रोड म्हणून एक फॉरेस्ट रोड आहे, त्याच्या कडेनं पाइनच्या झाडांत डिस्पर्स्ड जागा आहेत. पहिल्या मैलातच थांबा, आत आत जाऊ नका.

ब्राइस ते कॅपिटॉल रीफ हा हायवे १२ चा पट्टा दिवसाउजेडीच करा. एस्कलान्टे आणि बोल्डरच्या मधे हॉगबॅक म्हणून एक तुकडा आहे, दोन्ही बाजूंना दरी. पुढे बोल्डर माउंटनवर रस्ता ९,६०० फुटांपर्यंत चढतो आणि वाटेत फॉरेस्ट सर्व्हिसची तीन कॅम्पग्राउंड्स आहेत, ओक क्रीक, प्लेझंट क्रीक आणि सिंगलट्री. तुमच्यासाठी मी सिंगलट्री म्हणेन, साइट्स मोठ्या आहेत. कॅपिटॉल रीफमधलं फ्रुटा कॅम्पग्राउंड मार्च ते ऑक्टोबर बुकिंगवरच असतं, फळबागांच्या मधे आहे, मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण त्याच्यावर अवलंबून राहू नका. टॉरीजवळ हायवे २४ ला बीएस लुइस फ्लॅट्स म्हणून मोकळी बीएलएम जागा आहे, तिथं मात्र सावलीचा पत्ता नाही, नुसती रात्र काढायला ठीक.

मोआबबद्दल लोक फार घाबरवतात, पण मोआबचा गर्दीचा सीझन वसंत आणि शरद, जुलै नव्हे. म्हणून जुलैत तिथं प्रायव्हेट पार्कात हूकअप मिळायची शक्यता चांगली, एखादा वीकेंड तिथंच टाका. हायवे १२८ ला कोलोरॅडो नदीकाठी बीएलएमची फर्स्ट कम कॅम्पग्राउंड्स ओळीनं आहेत, देखणी, साध्या संडासाची, पाणी नाही, पण त्या लाल भिंती दिवसभर तापतात आणि रात्री उष्णता सोडत बसतात, वयस्कर माणसांना तिथं जुलैत नेऊ नका. डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्क सहा हजार फुटांच्या जवळपास आहे, साइटवर वीज आहे, पण टाकी भरायला पाणी नाही, खालून भरून जा.

मोआबहून पेजकडे येताना मोठा भाग नवाहो नेशनचा. ही पब्लिक लँड नाही, नवाहो लोकांची स्वतःची भूमी आहे, रस्त्याच्या कडेला कितीही मोकळं दिसलं तरी परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही. रात्र काढायची तर मॉन्युमेंट व्हॅलीजवळचं एखादं कॅम्पग्राउंड आधी फोन करून घ्या. घड्याळाचंही बघा, ॲरिझोना उन्हाळ्यात वेळ पुढे करत नाही पण नवाहो नेशन करतं, त्यामुळे टूरची वेळ कुठल्या घड्याळानं दिलीय ते विचारून घ्या. पेजला लोन रॉक बीच आहे, लेक पॉवेलच्या काठावर थेट वाळूवर गाडी लावून राहायचं, बुकिंग नाही. दृश्य अप्रतिम, पण भाड्याच्या आरव्ही तिथं वाळूत रुततात आणि टोइंगचा खर्च इन्शुरन्स देईलच असं नाही. जायचंच तर आधी चालून बघा, टाच दाबल्यावर पाय आत जात असेल तर तिथं गाडी नाही. जुलैत मी म्हणेन तिथं संध्याकाळ घालवा आणि झोपायला हूकअपला या.

ग्रँड कॅन्यन साउथ रिमला गेटच्या बाहेर टुसायान गाव, आणि गावालगत कायबाब नॅशनल फॉरेस्ट. लाँग जिम लूप आणि फॉरेस्ट रोड ३०२ वर बरेच आरव्हीवाले राहतात, सात हजारांच्या आसपास उंची, पॉन्डेरोसा पाइनची सावली. जायच्या आदल्या दिवशी फॉरेस्ट ऑफिसला फोन करून फायर रिस्ट्रिक्शन्स विचारा, कारण उन्हाळ्यात कधी कधी शेकोटीच नाही तर अख्खी जागाच बंद करतात.

कच्च्या रस्त्याबद्दल दोन गोष्टी. एक, भाड्याचा करार काढून वाचा, बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी नेऊ देत नाहीत, काही फक्त कॅम्पग्राउंडपर्यंतचा कच्चा रस्ता चालवू देतात. करारात बसत नसेल तर डिस्पर्स्ड विसरा आणि कॅम्पग्राउंड्सवरच राहा, तरीही ट्रिप होते. दुसरी, जुलैच्या मध्यापासून तिकडचा मान्सून सुरू होतो. दुपारी ढग, तासभर जोरदार पाऊस, आणि तिथल्या काही भागातली चिकणमाती आपल्याकडच्या काळ्या रानासारखी होते, चाकाला लगदा बसतो आणि गाडी जागची हलत नाही. आकाश काळं दिसलं तर कच्च्या रस्त्यावर शिरूच नका, आणि कोरड्या ओढ्यात, वॉशमध्ये, कितीही सपाट वाळू दिसली तरी गाडी लावू नका, पाऊस दहा मैलांवर पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं.

पार्कच्या आत राहायची हौस असेल तर कॅन्सलेशनवर नजर ठेवा. रिक्रिएशन डॉट गव्हवर रद्द केलं की दहा डॉलर जातात, पण आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी केलं तर पहिल्या रात्रीचे पैसेही जातात, म्हणून लोक दोन-तीन दिवस आधी सोडतात. त्याच वेळी बघा, अलर्टही लावता येतो. एक रात्र इथं एक तिथं असं तुकड्यांत घ्यायची तयारी असेल तर जास्त मिळतं. आत गेल्यावर एखादी बुक झालेली साइट रिकामी दिसली म्हणून तिथं शिरू नका, माणूस आला नाही तरी दुसऱ्या दिवशीच्या चेकआउटपर्यंत ती त्याचीच धरतात. त्यानंतर रेंजर सोडू शकतात, सकाळी जाऊन विचारा.

बाबांचं वय साठच्या पुढे असेल तर कोणीतरी सीनियर पासबद्दल सांगेलच, त्यावर बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंड्सचं भाडं निम्मं होतं, पण तो ६२ पूर्ण झालेल्या सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतो, व्हिजिटर व्हिसावर नाही.

पाणी आणि टाक्या. बिनहूकअपची रात्र कशावर संपते तर बॅटरीवर नाही, सांडपाण्याच्या टाकीवर. आपला स्वयंपाक, आपली भांडी, तेल-हळदीचं पाणी, सिंकखालची टाकी दोन दिवसांत भरते. ताटं धुण्याआधी पेपर टॉवेलनं पुसून घ्या, भात-डाळ एकाच कुकरमध्ये लावा, आणि प्रेशर कुकर नक्की न्या, आठ हजार फुटांवर साध्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. मायक्रोवेव्ह आणि राइस कुकर हूकअपच्या दिवशी. आईंना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा की नळ सोडून भांडं विसळायचं नाही. डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची सोय, जिथं दिसेल तिथं, टाकी अर्धी असली तरी रिकामी करा, युटात काही पेट्रोल पंपांवरही सोय असते.

आणि कुठंच नाही मिळालं तर? दुपारी चारला, सहाला नाही, प्रायव्हेट पार्कांना फोन फिरवायला घ्या. एका दमात सांगा, आज एक रात्र, २५ फूट गाडी, ३० अँपची वीज. फुल म्हणाले तर ओव्हरफ्लो, म्हणजे जादाची जागा, आहे का, नुसती वीज असलेली किंवा काहीच नसलेली जागा चालेल, असं विचारा, हा दुसरा प्रश्न विचारला की बऱ्याचदा काहीतरी निघतं. छोट्या गावांत काउंटीच्या फेअरग्राउंडवर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, हूकअप असतात, तिथंही विचारा. वॉलमार्टच्या पार्किंगला राहणं मॅनेजरच्या आणि गावाच्या नियमावर असतं, आत जाऊन विचारल्याशिवाय थांबू नका, आणि थांबलात तर खुर्च्या-चांदणी बाहेर काढायची नाही. आई-बाबांना घेऊन मी ती रात्र मोटेलमध्ये काढीन, दोन खोल्या घ्या आणि सकाळी लवकर निघा, त्यात कमीपणा काही नाही.

लूपची दिशा तुम्ही धरलीय तीच बरोबर आहे, फक्त वेगासहून निघणं रविवारी किंवा सोमवारी येईल असं भाडेकंपनीला विचारून बघा, पिकअप एक दिवस मागे-पुढे करता आला तर पहिल्या चार रात्री सोप्या जातील. आणि ब्राइसला जुलैतही रात्री पन्नास फॅरनहाइटच्या खाली जातं, आई-बाबांचे स्वेटर बॅगेत तळाशी ठेवू नका.